४० किलोचा रेस्क्यू कुत्रा घरी आणायचाय, आधी काय काय विचारून घेऊ?

वेंधळी_वेल:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर हलवा कृपया.

आम्ही एक कुत्रा दत्तक घ्यायच्या विचारात आहोत. नर आहे, वय रेस्क्यूवाल्यांच्या मते तीन ते पाच मधलं काहीतरी (दातांवरून सांगतात म्हणे), वजन ४० किलोच्या आसपास. फॉर्मवर जर्मन शेफर्ड मिक्स लिहिलंय पण तोंड बघितलं तर मॅस्टिफ वाटतो आणि कान तिसऱ्याच कुणाचे. आधीच्या मालकांनी घर बदललं आणि याला तिथेच साखळीला ठेवून गेले. सध्या एका फॉस्टर ताईंकडे (कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्या) आहे, आम्ही जाऊन भेटून आलो. शांत आहे. म्हणजे इतका शांत की मला तेच खटकलं. आला, माझ्या मांडीला सगळं अंग टेकवून उभा राहिला आणि मग तसाच उभा. शेपटी नाही, वास घेणं नाही, काही नाही.

घरात आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई, वय ७२, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीयेत. नवऱ्याकडे लहानपणी कुत्री होती, मी पहिल्यांदाच. घर काही मोठं नाही. नवरा म्हणतो अडचण जागेचीच आहे, मला वाटतं अडचणी वेगळ्याच असणार पण कुठल्या ते माझं मलाच सांगता येत नाहीये. तर बोला.

ढोबळमानाने:

जागेचं टेन्शन घेऊ नका हो. मोठा कुत्रा घरात करतो काय तर झोपतो. ग्रेट डेन आणि ग्रेहाउंड मंडळी दिवसच्या दिवस लोळून काढतात आणि एखादं वीतभर टेरियर घर डोक्यावर घेतं.

तुम्ही हे बघा की त्याने जोर लावला तर घरातलं कोण त्याला धरून ठेवू शकतं. ४० किलोने समोर मांजर बघून झेप घेतली की हातातला पट्टा जातो नाहीतर माणूस पट्ट्यासकट जातो. लेकीच्या हातात लीश द्यायचीच नाही, सासूबाईंच्या तर नाहीच नाही. उरलात तुम्ही दोघं. त्यातलं एक जण तापाने पडलं किंवा कामासाठी बाहेर गेलं की उरलं एक. आता तुमचं वजन विचारत नाही :) पण तुम्ही एकटीने त्याला फॉस्टरकडून फिरवून बघितलंय का? नवरा बरोबर नसताना? ते आधी करा, मग बाकीचं.

कोरडेठाक:

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पहिलाच कुत्रा, घरात लहान मूल, घरात वयस्कर बाई, आणि त्यात इतिहास माहीत नसलेला ४० किलोचा प्राणी. कशाला? छोटा आणा. शिवाय मॅस्टिफ मिक्स असेल तर रक्तातच राखणदारी असते, आज शांत दिसतो, उद्या घर आपलं वाटायला लागलं की रंग दाखवेल. अशा कुत्र्याला पहिल्या दिवसापासून बॉस कोण ते कळलं पाहिजे, तुमच्या आधी दारातून जाऊ द्यायचं नाही, तुमच्या आधी जेवू द्यायचं नाही.

शेपूटवाले:

हायला, पुन्हा तेच बॉस पुराण. कोरडेठाक, तुमचा पहिला मुद्दा (वयस्कर बाई) एकदम मान्य, बाकीच्याबद्दल जरा.

ते अल्फा प्रकरण (कळपात एक दादा आणि बाकीचे त्याच्या धाकात) आलं कुठून तर १९४७ साली प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडोल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं तिथून. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० मध्ये ती मांडणी लोकप्रिय केली, आणि याच मेकनी रानातल्या लांडग्यांना वर्षानुवर्षं बघून १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, तिथे गादीसाठी मारामाऱ्या चालत नाहीत. म्हणजे ज्यांनी ती कल्पना लोकांपर्यंत नेली त्यांनीच मागे घेतली, तरी आपण अजून कुत्र्याच्या आधी जेवतोय.

आणि दिसण्यावरून जात ओळखायची, त्या जातीवरून स्वभाव ठरवायचा, यात दोन्ही पायऱ्या डळमळीत आहेत. २०२२ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत एक मोठा अभ्यास आला, १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि त्यातल्या दोनेक हजार कुत्र्यांचा डीएनए, त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जातीमुळे पडलेला फरक निघाला जेमतेम ९ टक्के. म्हणून फॉर्मवर शेफर्ड लिहिलंय की मॅस्टिफ यावर घटकाभर गप्पा मारा आणि सोडून द्या, बघायचं ते हा कुत्रा आत्ता कसा वागतो.

वेल, तुम्हाला जे खटकलं ना ते बरोबर खटकलं. अशा कुत्र्यांमध्ये ती शांतता बऱ्याचदा शांतता नसतेच, तो भीतीने आतून बंद झालेला असतो. अंगाला टेकून उभा राहिला म्हणजे माणसाची भीती नाही हे चांगलंच आहे, पण वास घेत नाही, इकडे तिकडे बघत नाही, म्हणजे अजून सुरक्षित वाटत नाहीये. रेस्क्यूवाले ३-३-३ सांगतात, तीन दिवस भांबावलेला, तीन आठवड्यांत घराची घडी समजते, तीन महिन्यांत आपलं वाटायला लागतं. हे ढोबळ आहे, कुणाला दुप्पट लागतं. लक्षात घ्यायचं ते इतकंच की तुम्ही भेटलात तो खरा कुत्रा नाही, खरा अजून यायचाय, आणि तो जास्त खोडकर, जास्त आवाज करणारा, कदाचित जास्त ओढणारा असेल.

वेंधळी_वेल:

बाब्बौ, एका रात्रीत इतके प्रतिसाद! धन्स सगळ्यांना.

ढोबळमानाने, नाही फिरवलं एकटीने. रविवारी जाऊन फिरवते. कोरडेठाक, राग नाही, सासूबाईंचा मुद्दा माझ्याही डोक्यात सगळ्यात वर आहे. गंमत म्हणजे घरात सर्वात जास्त उत्साह त्यांनाच आहे.

शेपूटवाले, मग फॉस्टर ताईंना नेमकं विचारू काय? त्या म्हणतात "खूप गोड आहे", त्यावर मी पुढे काय बोलणार.

शेपूटवाले:

"गोड आहे" वर थांबू नका, प्रसंग विचारा. खाताना जवळून कुणी गेलं तर काय करतो, खाण्याचा वेग वाढतो का, अंग ताठ होतं का. झोपेतून दचकवलं तर? पंजे पुसू देतो का, कानात बघू देतो का. दारावर माणूस आला की? दुसरा कुत्रा दिसला की किती अंतरावरून ताणतो आणि ताणल्यावर हाक मारली तर मान वळते का, मान वळत असेल तर पुढचं शिकवता येतं. एकटा किती वेळ राहिलाय आणि राहिला तेव्हा काय केलं, त्याचा व्हिडिओ मागा. गाडीत बसतो का. लहान मुलं बघितलीयेत का, आणि "बघितलीयेत" म्हणजे खिडकीतून की मूल शेजारी बसून खेळत होतं? कधी गुरगुरला असेल तर कशावर?

या शेवटच्याचं उत्तर "कधीच नाही" आलं तर मी खूश होणार नाही. गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय की लांब व्हा, आणि सांगतोय हे फार चांगलं आहे. गुरगुरल्यावर मार खाल्लेली कुत्री गुरगुरणं सोडतात आणि मग लोक म्हणतात काही न करता चावला. गुरगुरण्याच्याही आधीचं बघायला शिका, तोंड मिटून एकदम थिजणं, नाक चाटणं, झोप नसताना जांभई, मान तिकडे पण डोळ्यातला पांढरा भाग तुमच्याकडे. लेकीलाही शिकवा, पोरं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात हे.

मीच_ती_मावशी:

मी साठीची आहे आणि माझ्याकडे ४५ किलोची रेस्क्यू कुत्री आहे म्हणून जरा सासूबाईंच्या बाजूने बोलते, सगळे कुत्र्याच्याच बाजूने बोलताहेत.

आम्हा म्हाताऱ्यांना चावायची भीती नसते गं, पडायची असते. कुत्रा प्रेमाने मागून येतो आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूला धडकतो, किंवा तुम्ही उठताना नेमका पायाशी आडवा पसरलेला असतो, किंवा बेल वाजली की पॅसेजमधून सुसाट सुटतो आणि मध्ये कोण उभं आहे ते बघत नाही. म्हणून आणायच्या आधीच दोन ठिकाणी बेबी गेट लाव, एक सासूबाईंच्या खोलीच्या दाराला आणि एक मुख्य दाराच्या अलीकडे. गेट उंच घे, छोट्या कुत्र्यांचं याला म्हणजे उडी मारायचं आमंत्रण. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू ठेव, काळा कुत्रा काळोखात दिसत नाही.

आणि बस, थांब, बाजूला हो एवढं तरी पहिल्या दोन महिन्यांत शिकव. बॉस कोण म्हणून नव्हे, सासूबाईंचा पाय अडकू नये म्हणून. त्यांनाच शिकवायला सांग, खुर्चीत बसून, वाटीत खाऊचे बारके तुकडे घेऊन. माझ्याकडे "जागेवर" म्हटलं की गादीवर जाऊन बसते, हे एक जमलं तरी अर्धी लढाई जिंकलीस.

काठी वापरतात का त्या? साखळीला बांधलेल्या कुत्र्याने काठीचा मार खाल्लेला असू शकतो. फॉस्टरकडे जाताना काठी घेऊन जा आणि नुसती भिंतीला टेकवून ठेव, बघ काय करतो.

अवांतर: लाळ. मॅस्टिफसारखं तोंड असेल तर पाणी पिऊन झाल्यावर पाण्याच्या भांड्यापासून सोफ्यापर्यंत धार. फडकी लागतात, खूप लागतात.

टाके_घालणारा:

पशुवैद्य आहे, आज जरा वेळ आहे म्हणून लिहितो. तपासल्याशिवाय सल्ला देत नाही, हे फक्त मोठ्या कुत्र्याच्या घरात माहीत असलंच पाहिजे एवढं.

पहिलं, पोटाला पीळ पडणं, इंग्रजी नाव ब्लोट किंवा जीडीव्ही. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत होतं. जठर हवेने फुगतं आणि स्वतःभोवती फिरतं, रक्तपुरवठा तुटतो. ओळखायचं कसं, तर कुत्रा उलटी काढायला बघतो, परत परत बघतो, आणि फेस किंवा लाळेशिवाय काहीच पडत नाही. अस्वस्थ फेऱ्या, बसतो उठतो, पोट टणक. हे दिसलं की गुगल नाही, घरगुती उपाय नाही, सकाळपर्यंत थांबणं नाही, त्या क्षणी गाडी काढा. काही तासांचा खेळ असतो, ऑपरेशनशिवाय पीळ सुटत नाही. म्हणून रात्री चालू असलेला दवाखाना कुठला आणि तिथे सर्जन असतो का हे कुत्रा घरी यायच्या आधी शोधून नंबर फ्रिजवर चिकटवा. टाळण्यासाठी दिवसाचं खाणं दोन तीन वेळांत विभागा, भसाभस खात असेल तर स्लो फीडर (आत उंचवटे असलेलं, सावकाश खायला लावणारं भांडं) घ्या. भांडं उंच स्टँडवर ठेवा असं पूर्वी सांगायचे, २००० सालच्या एका अमेरिकन अभ्यासात उलट उंच भांड्यांबरोबर धोका वाढलेला दिसला, नंतरचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, म्हणून मानेचं किंवा सांध्यांचं दुखणं नसेल तर मी जमिनीवरच ठेवायला सांगतो. त्याची नसबंदी झालेली नसेल तर त्याच भुलीत जठर आतून पोटाच्या भिंतीला शिवून घेता येतं, गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात, त्याने पीळ पडणं जवळपास टळतं. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

दुसरं सांधे. साखळीला वाढलेला आहे, मागच्या पायांचे स्नायू बारीक असू शकतात. उठताना पुढच्या पायांवर भार टाकून मागचं अंग ओढतो का बघा. घेण्याआधी कंबर आणि गुडघ्यांचा एक्स-रे काढता आला तर काढा, खोट काढायला नाही, पुढच्या खर्चाची तयारी करायला. आणि वजन वाढू देऊ नका, हाडकुळा रेस्क्यू बघून लोकांना भरून येतं आणि सहा महिन्यांत पिंप होतं. फार उपाशी राहिलेल्याला पहिल्या दिवशी पोटभर घालणंही घातक असतं, रक्तातले क्षार कोसळतात, सावकाश वाढवतात. हा फॉस्टरकडे आहे म्हणजे तो टप्पा गेला असेल, तरी तिथे जे खातोय तेच सुरुवातीला चालू ठेवा.

खाण्याचा हिशोब लोकांचा चुकतो तो असा की चौपट वजन म्हणजे चौपट खाणं. १० किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला रोज साधारण ४०० किलोकॅलरी लागतात, ४० किलोच्याला ११००, म्हणजे पावणेतीनपट. औषधं मात्र बहुतेक सगळी किलोवर मोजून, जंताच्या गोळीपासून भुलीपर्यंत. बजेट तिथे कोसळतं.

कोरडेठाक:

पावणेतीनपट खाणं आणि चौपट औषध, माझा मुद्दा सिद्ध झाला :) लांडग्यांचं वाचलं, आईबाप आणि पोरं हे माहीत नव्हतं. पण दाराबाहेर आधी मीच जाणार, समोर रस्ता आहे.

शेपूटवाले:

रस्ता आहे म्हणून थांबवणं याला माझी शून्य हरकत :)

रच्याकने वेल, पहिल्या महिन्यात दोन लीश. एक छातीवर रिंग असलेल्या हार्नेसला, एक गळपट्ट्याला, दोन्ही हातात. नवीन रेस्क्यू कुत्रा घाबरला की मागे सरकतो आणि पट्ट्यातून मान काढून घेतो, डोकं निमुळतं असेल तर क्षणात. बटण दाबून लांब होणारी ती दोरीची लीश मोठ्या कुत्र्याला अजिबात नको, बोटं कापली जातात. टॅगवर फोन नंबर आणि मायक्रोचिपच्या (कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप) नोंदीत तुमचं नाव हे घरी आणायच्या दिवशीच.

वेंधळी_वेल:

अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा. रविवारी एकटीने फिरवलं. ओढतो, पण हाक मारली की मान वळते (शेपूटवाले, हे बघितल्यावर मला तुमचीच आठवण आली). काठीचा प्रयोग केला. मावशी, काय सांगू, काठी भिंतीला टेकवली तेव्हा काही नाही, पण नवऱ्याने ती नुसती उचलून दुसरीकडे ठेवली तर हा खाली बसला आणि पोट जमिनीला घासत टेबलाखाली गेला. चाळीस किलो टेबलाखाली मावत नाहीत, मागचं सगळं बाहेर. फॉस्टर ताईंनाही माहीत नव्हतं हे.

सासूबाईंनी ते पाहून ठरवून टाकलं की आणायचा. आणि स्वतः घरात काठीऐवजी वॉकर घेतला, जो डॉक्टर वर्षभर सांगत होते आणि त्या ऐकत नव्हत्या.

तर आला घरी! नाव रेस्क्यूवाल्यांनी ठेवलेलंच ठेवलंय, ढब्बू. आता नवीन प्रश्न. पॅसेजमध्ये टाइल्स गुळगुळीत आहेत, तो पॅसेजच्या तोंडाशी उभा राहतो, एक पंजा टाकतो, घसरतो, परत मागे घेतो. ओढला तर नाहीच येत. उचलावा तर उचलणार कसा?

मीच_ती_मावशी:

ओढू नकोस बाई. रबराच्या पाठीची पायपुसणी एकाला एक लावून टाक, मध्ये फट नको, फट असली की तिथेच थांबतात. पंजांच्या बोटांमधले केस वाढलेत का बघ, ते कापले की पकड येते. नखंही. आणि त्या वाटेवर खाऊ टाकत जा, तू पुढे उभी राहून बोलावू नकोस, त्याचा तो येईल.

टाके_घालणारा:

उचलायचं तर दोघांनी. एकाचा एक हात छातीखाली आणि दुसरा मानेखालून, दुसऱ्याचे हात पोटाखाली आणि मांड्यांच्या मागे, पाठ सरळ राहिली पाहिजे, एकदम बोलून उचला. दुखापत असेल तर उचलण्याऐवजी जाड चादरीवर सरकवा आणि चार कोपरे धरा. पण तब्येत ठीक असताना शक्यतो उचलूच नका, मोठ्या कुत्र्यांना पाय अधांतरी जाणं अजिबात आवडत नाही आणि दुखणाऱ्या कुत्र्याला उचलताना गोड कुत्राही चावतो. म्हणून जाळीच्या मझलची (चावू नये म्हणून तोंडावर बांधतात ती जाळी) सवय आत्ताच लावा, आतून खाऊ देत देत, तोंड उघडून धापा टाकता येतील एवढा मोठा घ्या. दवाखान्यात लागला तर त्या दिवशी पहिल्यांदा दिसायला नको.

वेंधळी_वेल:

पायपुसण्यांचा रस्ता झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी ढब्बू स्वतःहून स्वयंपाकघरात हजर. नखंही वाढलेलीच होती, दवाखान्यातून कापून आणली.

काल पहिल्यांदा गुरगुरला. लेकीचा बॉल त्याच्या तोंडात होता आणि ती घ्यायला गेली. ती थांबली, हात मागे घेतला, मला हाक मारली. मी चिकनचा तुकडा थोडा लांब टाकला, तो बॉल सोडून गेला, लेकीने बॉल नाही उचलला, मीच नंतर उचलला. कुणी ओरडलं नाही. हे बरोबर ना?

शेपूटवाले:

एकदम बरोबर, लेकीला माझ्याकडून शाबासकी. आता हा खेळ करून टाका पण फक्त मोठ्यांनी खेळायचा. त्याच्याकडे कमी किमतीची वस्तू असताना त्याहून भारी काहीतरी द्या, वस्तू बघा, आणि वस्तू परतही द्या. माणूस जवळ आला की जातं असं न वाटता मिळतं असं वाटलं पाहिजे. लेकीचे बॉल मात्र तोवर कपाटात. आणि जेवताना त्याच्या भांड्यात हात घालून "सवय" लावू नका, अनेक लोक सांगतील, ऐकू नका.

ढोबळमानाने:

ढब्बू नाव भारी आहे. फोटो?

वेंधळी_वेल:

टाकते. डॉक्टर, एक शेवटचं, त्याच्या कोपरावर केस गेलेत आणि आज तिथे मऊ फुगवटा दिसतोय, लिंबाएवढा, दाबला तर दुखत नाही. सुई घालून पाणी काढतात का?

टाके_घालणारा:

शक्यतो नाही. ऐकून हायग्रोमा वाटतोय, वजनदार कुत्रा कडक जमिनीवर कोपर टेकून बसतो त्याने होतं, सुई घातली की जंतू आत जायची भीती आणि परत भरतंच. लाल, गरम किंवा दुखरं झालं तर लगेच, नाहीतर या आठवड्यात एकदा दाखवून खात्री करून घ्या. उपाय म्हणजे जाड गादी, ऑर्थोपेडिक फोमची, तो आडवा पडला तरी मध्यभागी जमीन लागणार नाही एवढी. आणि तो जिथे बसतो तिथे टाका, तुम्हाला जिथे शोभते तिथे नको.

वेंधळी_वेल:

आणली. तो बसतो सासूबाईंच्या पलंगाशेजारी, म्हणून गेटच्या आत टाकलीये, गेट आता त्याच उघडतात. ऑर्थोपेडिक हा शब्द ऐकल्यापासून त्यांचं म्हणणं आहे की गुडघे माझे बदललेत आणि गादी त्याची बदलली, तर आता दुसरी गादी शोधतेय.